अर्धा मायक्रोस्कोप

धम्मदीपा कॉलेज सोडून गेली असती, तर प्रसेनजितचा सरळ फायदा होता. मालेगावच्या त्या कॉलेजात बी.एस्सी. पहिल्या वर्षाला दोघांत एक मायक्रोस्कोप. हजेरीत नंबर शेजारी आले म्हणून यांची जोडी लागलेली. ती गेली, की अख्खा मायक्रोस्कोप त्याचा.

आणि ती जाणारच होती. दिवाळीपर्यंत वर्गातली वीस पोरं गळाली होती. का, ते कोणी विचारलं नव्हतं. बायोलॉजी इंग्रजीतून, तिच्या गावची, शेलूबाजारची शेवटची जीप चारला, शुक्रवारचं प्रॅक्टिकल सुटायचं साडेचारला. त्या शुक्रवारी साडेतीनलाच ती ब्लेड पुसत म्हणाली,

"सोमवारी टीसी काढून राह्यली मी."

"काहून?"

"साऱ्याईले लगेच दिसते, मलेच टाइम लागते. पहिले तीन प्रॅक्टिकल मले त्याच्यात नुसत्या काळ्या काड्या दिसल्या. तू तं भराभर चित्र काढत होता."

प्रसेनजितनं इकडेतिकडे पाहिलं, मग आपली जर्नल तिच्यापुढे सरकवली. पहिल्याच पानावर कांद्याचा पापुद्रा, आणि त्याच्यावर वाकड्या काड्या... शेडिंगसकट. बाण काढून नावही दिलेलं — 'मूळरोम'. खाली मॅडमनी लाल पेनानं, चक्क मराठीत लिहिलं होतं: 'या तुमच्या पापण्या आहेत.'

तिनं ओठ दाबले. उपयोग झाला नाही.

"हे तू काढलं?"

"मॅडम म्हणे, दरसाल अर्धा वर्ग पापण्याच काढते. सांगत कोणी नाई."

"अन् पुढच्या आकृत्या?"

"तुह्या पाहून काढल्या. तुरीच्या खोडाची एवढी पातळ चकती इथं कापते कोण?"

"मंग आता अख्खा मायक्रोस्कोप घे ना. मजा आहे तुही."

"घेतला असता..." तो भिंगाशी चाळा करत राहिला. "पण त्याच्यात माह्याच पापण्या दिसतीन. मले तुह्या पाहाची सवय झाली."

त्या पापण्या तेवढ्यात खाली गेल्या.

"अन् जीप?" ती म्हणाली.

तो स्टँडवर जीपच्या ड्रायव्हरकडे पळाला.

"फय्याजभाई, दर शुक्रवारी साडेचारपर्यंत थांबा. शेलूबाजारची एक पोरगी यायची आहे."

फय्याजभाईंनी त्याला खालून वर न्याहाळलं. "कोण लागते ते तुही?"

"मायक्रोस्कोपात भागीदार."

"असं," म्हणत त्यांनी इंजिन बंद केलं.

सोमवारी टीसीचा अर्ज आलाच नाही. प्रसेनजितचा अर्धा मायक्रोस्कोप गेला. तो त्याला नकोच होता. धम्मदीपाचं काही गेलं नाही. दर शुक्रवारी अर्धा तास गेला तो जीपमधल्या अकरा जणांचा. कोणी कुरकुरलं, की मांडीवर मेथीची पिशवी घेऊन बसलेल्या गोमतीबाई त्याला गप्प करत,

"बसा ना जी. पोरगी डाक्टर होऊन राह्यली."