हनुवटीखालचा ताण

या प्रेमात पडून हेमंतला काय मिळणार होतं, ते आधी बघू. हैदराबादेत कुकटपल्लीच्या एका कॉल सेंटरात तो इंग्रजी उच्चार शिकवायला आला होता. बॅच परीक्षेत पास झाली की पुण्याला बदली, आईच्या हातचं जेवण आणि आईनंच हेरून ठेवलेली मुलगी... सगळं तयार होतं. तिथल्याच नल्लकुंट्याच्या रेणूमुळे त्यात भर पडेल असं काहीच नव्हतं.

पण पहिल्याच सकाळी चहाच्या रांगेत ती नेमकी त्याच्या पुढे. फोनवर कुणाला तरी सांगत होती, "हौ गं, पुण्याचा कुणी मास्तर यायलाय म्हणे, आमचं तोंड दुरुस्त करायला."

हेमंत खाकरला. "तो मीच."

तिनं वळून त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. लाजली मात्र नाही. "मग चहा घ्या सर. दुरुस्तीला ताकद लागते."

वर्गात तिचं 'सिट' आणि 'सीट' एकसारखंच यायचं.

"नुसती लांबी नाही, ताण बघा," हेमंत म्हणाला. "हनुवटीखाली अंगठा ठेवा. 'सीट' म्हणताना तिथला स्नायू ताठ होतो. 'सिट'ला तो ढिला सोडायचा."

तिनं अंगठा ठेवला. "सीट... सिट..." डोळे मात्र त्याच्यावर.

वर्ग रिकामा झाला तरी ती बसूनच. "आता तुम्ही म्हणा."

"माझं बरोबरच येतं."

"कानाला येत असेल. अंगठ्याला कळू द्या की." आणि तिनं सरळ त्याच्या हनुवटीखाली अंगठा टेकवला.

"स्... सिट," हेमंत म्हणाला.

"दगड झालाय नुसता! नापास."

त्यानंतर नापास मास्तरांची शिकवणी रोज होऊ लागली. एका रविवारी तिनं त्याला जामबागेतली आपली मराठी शाळा दाखवली. येताना स्कूटरवर मागे बसून तो तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटला, आणि सिग्नल हिरवा होऊनही स्कूटर हलली नाही.

बॅच पास झाली. रेणू पहिली आली. मग रेणूला शेजारी बसवून हेमंतनं पुण्याला आईला व्हिडिओ कॉल लावला.

दोघींच्या गप्पा संपल्यावर आई म्हणाली, "मुलगी गोड आहे हो. पण 'यायलाय' काय, 'करायलाव' काय! साखरपुड्याला आपले लोक हसतील. तुझं तर कामच आहे हेमंत, तेवढं सुधारून घे. मग माझी ना नाही."

फोन ठेवून हेमंत हळूच म्हणाला, "चार शब्दांचा तर प्रश्न आहे, रेणू... तुला काय अवघड?"

"ऑफिसात जबडा ढिला सोडते, त्याचा पगार मिळतो मला," रेणू म्हणाली. "घरी नाही सोडणार. आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूत शिकले, पण घरी हीच मराठी बोलले. तुम्हाला बायको पाहिजे का बॅच, सर?"

ती निघून गेली. 'सर' मात्र त्याला रात्रभर टोचत राहिलं.

सकाळी तो नल्लकुंट्याला, तिच्या फाटकाशी उभा. फोन कानाला, आवाज गल्लीभर. "आई, मी तिला काही शिकवणार नाही... हसतील? मग हसणाऱ्यांना बोलवू नकोस... तूही येणार नाहीस? बरं. पण मला हीच पाहिजे, आणि अशीच पाहिजे."

वरच्या गॅलरीतून रेणू वाकली. डोळे भरलेले, सूर तोच. "गल्लीला ऐकवलाव, आता मला सांगा. फाटकात काय उभारलाव?"

साखरपुडा नल्लकुंट्यातच झाला. आता याची कुणाला काय किंमत पडली ते मांडू. जिथं हसतील तिथं तिला न्यायचं नाही, म्हणून पुण्याची बदली हेमंतनंच नाकारली. आईचा अबोलाही त्याच्याच वाट्याला. आईनं एकुलत्या एका मुलाचा साखरपुडा मोबाइलवर पाहिला. आणि रेणूनं काय दिलं म्हणता?

एक उच्चारसुद्धा नाही.