चारशे बारामधली बशी

“हिल्डाबाई, लवकर चला! चारशे बारामधले साहेब उठत नाहीयेत!”

रिसेप्शनवरची यायसा दारात धापा टाकत उभी होती. हिल्डा हॅलमने हातातला टोस्ट तसाच टाकला आणि ती निघाली. वय सत्तरीच्या पुढचं, गुडघे कुरकुरणारे. पण इंग्लंडात ब्रॅडफर्डला पोलीस सार्जंट म्हणून उभा जन्म गेलेला, असल्या हाकेला पाय आपोआप उचलतात.

चारशे बारा म्हणजे या रिसॉर्टमधला सगळ्यात देखणा फ्लॅट. गॅलरीत बसलं की समोर नुसता अथांग समुद्र. टाइमशेअर, म्हणजे फ्लॅटमध्ये दरवर्षी एक आठवडा राहण्याचा हक्क, विकताना सगळ्यांना फोटो याच गॅलरीचा दाखवतात. पैसे भरून झाले की मात्र दरवर्षी एकच उत्तर, “सॉरी, फुल आहे.” मग हिल्डासारख्यांनी स्पेनच्या या तेनेरिफे बेटावर यायचं आणि मागच्या बाजूला राहून कचऱ्याचे डबे बघत सुट्टी काढायची.

डेस्मंड टॅटर्सल गॅलरीतल्या खुर्चीत बसला होता. मान कलंडलेली, अंग गार पडलेलं.

“गेलाय,” हिल्डा म्हणाली. “पोलिसांना फोन लाव. आणि पोरी, कशाला हात लावू नकोस.”

यायसा गेली. हिल्डाने घरभर नजर फिरवली आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

पलंगावरच्या चादरी काढून त्यांचं गाठोडं दाराशी ठेवलेलं. टॉवेल बाथटबमध्ये. कप विसळून पालथे घातलेले. डब्यातली कचऱ्याची पिशवी गायब. आणि ओट्यावर दुधाचं न फोडलेलं पाकीट, शेजारी एक बशी. बशीत चहाच्या दोन पिशव्या, साखरेची पुडी आणि लाल जेरेनियमचं एक फूल.

आज बुधवार. इथून लोक निघतात ते शनिवारी.

हिल्डा त्या बशीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

दुपारपर्यंत इन्स्पेक्टर बेतांकोरने निकाल लावूनही टाकला. डॉक्टरांना मॉर्फिनचा, म्हणजे असह्य दुखण्यावरच्या औषधाचा, संशय होता; चहातून दिलं असावं. दार फोडलेलं नव्हतं. किल्ली यायसाकडे. आणि काल भर रिसेप्शनमध्ये ती डेस्मंडवर ओरडली होती, “तुमच्यासारख्यांना समुद्रात बुडवलं पाहिजे!”

“का ओरडलीस गं?” हिल्डाने विचारलं.

“एका बाईंचं बुकिंग रद्द करून ते माझ्या पाहुण्यांना दे म्हणाले. नाही म्हटलं तर म्हणाले, तुझी नोकरी घालवतो.” यायसाचे डोळे भरून आले. “हिल्डाबाई, मला आत टाकलं तर माझ्या पोरीला कोण बघणार? तिला माझ्याशिवाय कुणी नाही हो.”

“तिनंच पुरावा पुसून घर आवरलंय,” बेतांकोर म्हणाला.

“इथल्या साफसफाईच्या बायका पलंगावरची चादर काढली की लगेच दुसरी घालतात, साहेब. गाठोडं करून दाराशी ठेवत नाहीत.”

“बाई, तुम्ही सुट्टीवर आहात ना? मग सुट्टी घ्या.”

उंटावरचा शहाणा मेला! हिल्डाने मनातल्या मनात त्याला दोन शिव्या हासडल्या आणि ती कामाला लागली.

डेस्मंडच्या मरणाचं तिला काडीचं दुःख नव्हतं, खोटं कशाला बोला. ‘मित्र आणा, बक्षीस मिळवा’ ही कंपनीची योजना. एक गिऱ्हाईक आणलं की आणणाऱ्याला समुद्राकडचा एक आठवडा फुकट, वर बुकिंगमध्ये पहिला मान. डेस्मंडने डार्ट्स क्लब सोडला नाही, चर्च सोडलं नाही, सख्खा मेव्हणा सोडला नाही. खांद्यावर हात टाकून एकेकाच्या गळ्यात टाइमशेअर मारला. हिल्डाच्याही.

त्याचं तोंड बंद व्हावं असं वाटणारे यंदा इथे दोघे होते. ग्विलिम आणि विल्फ. काल दुपारी पोहण्याच्या तलावाकाठच्या बारमध्ये हिल्डासह सगळे एकाच टेबलाशी होते. दोन बिअर पोटात गेल्यावर डेस्मंड फुशारला होता. “गेला अख्खा वसंत चारशे बारा माझ्याच नावावर होता! मी कशाला येतोय? भाड्यानं लावला. पत्ते हातात असले की खेळता यायला पाहिजे राव!” आणि तो खदाखदा हसला. ग्विलिमने त्याच्या तोंडावर बिअर फेकली. विल्फ नुसता उठून गेला.

वेल्सचा खाटीक ग्विलिम आपल्या फ्लॅटमध्ये सॉसेज तळत होता. घरात पाय ठेवायला जागा नव्हती, ओट्यावर हात टेकायचं तर सोडाच.

“काल रात्री कुठे होतास?”

“बारमध्ये. सगळ्यांनी पाहिलंय.”

“डेस्मंडला मारलंस?”

“मनात रोज मारायचो! पण ऐकलं की खुन्यानं भांडी घासली म्हणे. हिल्डा, माझ्या बायकोला विचार. चाळीस वर्षांच्या संसारात मी एक चमचा विसळलेला दाखव, आत्ता गुन्हा कबूल करतो.”

हिल्डाला हसू आवरेना. इथून ग्विलिमचं कुटुंब निघालं की साफसफाईच्या बायका कपाळाला हात लावतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

विल्फ ऑर्मरॉड बागेत बाकावर बसला होता. हडकुळा, शांत माणूस. डेस्मंडचा शाळेपासूनचा मित्र आणि त्याने गाठलेलं पहिलं गिऱ्हाईक. बायको डॉरीन गेल्या उन्हाळ्यात कॅन्सरने गेली.

“झोप लागते का रे?” हिल्डाने विचारलं.

“लागते. काल तर छान लागली.”

“डेस्मंडकडे गेला होतास?”

“चारशे बारामध्ये? मी?” तो कोरडं हसला. “ती खोली आम्हाला कधी मिळाली का? आमचं आपलं दोनशे सात. दरवर्षी आम्ही शनिवारी सकाळी निघायचो आणि दुपारी तू त्याच घरात यायचीस. यंदाच काय ते एकाच आठवड्यात आलो. आठवतं?”

“आठवतं ना,” हिल्डा म्हणाली.

ती उठली आणि तडक बेतांकोरकडे गेली. “आपल्या माणसांना मागच्या कचऱ्याच्या डब्यांत शोधायला सांगा. चारशे बारामधली गाठ मारलेली पिशवी असेल. सापडली तर माझं ऐका, नाही सापडली तर खुशाल हसा.”

संध्याकाळी पोलीस यायसाला न्यायला आले, तिच्या हातात बेड्याही घातल्या. रिसेप्शनमध्ये गर्दी जमली. ग्विलिम होता, विल्फही होता.

“थांबा,” हिल्डा म्हणाली. “चोर सोडून संन्याशाला फाशी देताय.”

“बोला,” बेतांकोर म्हणाला. या वेळी तो हसला नाही. त्याच्या हातात प्लॅस्टिकची एक थैली होती.

“आम्हा टाइमशेअरवाल्यांची एक रीत आहे, साहेब. शनिवारी निघताना चादरी काढायच्या, टॉवेल टबात टाकायचे, कप विसळायचे, कचरा खाली नेऊन टाकायचा. आणि पुढचं कुटुंब दमून येईल म्हणून चहा-साखर मांडून ठेवायची. कुणी सांगत नाही, पण वर्षानुवर्षं करून हाताला वळण पडतं. काल रात्री एका माणसानं डेस्मंडला चहा पाजला. तो मरेपर्यंत शेजारी बसला. आणि उठल्यावर घाबरून पळाला नाही. निघताना जे करायचं असतं, ते सगळं त्यानं केलं. नोकर असं करत नाही, ग्विलिमसारखा ऐदी तर नाहीच नाही.”

“टाइमशेअरवाले शेकड्यानं आहेत,” बेतांकोर म्हणाला.

“आहेत. पण चहाशेजारी जेरेनियमचं फूल ठेवणारं घर एकच होतं. मी दरवर्षी शनिवारी दोनशे सातमध्ये यायचे, तेव्हा बशीत ते फूल असायचं. गॅलरीतल्या कुंडीतलं. घरात पाऊल टाकलं की वाटायचं, आपली कुणीतरी वाट बघतंय.” हिल्डाने डोळे पुसले. “सकाळी बशी पाहिली तेव्हाच मला कळलं होतं. दिवसभर मी स्वतःलाच फसवत होते. चूक निघू दे म्हणून देवाला विनवत होते.”

बेतांकोरने थैली उचलून दाखवली. आत मॉर्फिनची रिकामी बाटली होती. चिठ्ठीवर नाव होतं, डॉरीन ऑर्मरॉड.

“पुरे, हिल्डा,” विल्फ म्हणाला. “त्या पोरीला सोडा. तिचा काही संबंध नाही.”

विल्फने एक खुर्ची ओढली आणि तो बसला.

“बाटली मी माझ्यासाठी आणली होती. डॉरीनशिवायची ही पहिलीच सुट्टी, आणि शेवटचीही, असं ठरवून आलो होतो.” त्याचा आवाज जराही हलत नव्हता. “गेल्या वसंतात तिचं एकच मागणं होतं. एक आठवडा त्या गॅलरीत बसून समुद्र बघायचा. मी रोज फोन करायचो. रोज ‘फुल’. डेस्मंडला म्हटलं, तुझी ओळख आहे, बघ ना. तर हा माझ्या घरी येऊन डॉरीनचा हात हातात घेऊन म्हणाला, ‘खूप खटपट केली गं, नाही जमलं.’ आणि घर त्याच्याच नावावर! केसानं गळा कापला त्यानं. त्याला ते फुकटचे आठवडे मिळाले होते तेही आम्हाला विकून.”

“विल्फ...”

“काल तो हसला, हिल्डा. मग ठरवलं, हे औषध त्यालाच लागू पडेल. गेलो, चहा करतो म्हटलं. तो पीत होता तेव्हा त्याला सगळं सांगितलं, कप रिकामा होईपर्यंत थट्टाच समजत होता. नंतर मी तिथेच बसून समुद्र बघितला. दोघांच्या वाट्याचा.”

“आणि मग आवरलंस,” हिल्डा म्हणाली.

“आवरलं का? मला आठवतसुद्धा नाही. फूल ठेवायची ती डॉरीन. मी कधी ठेवलं नव्हतं.”

“पश्चात्ताप होतोय?” बेतांकोरने विचारलं.

“यायसाला रडवलं त्याचा होतोय. डेस्मंडचा नाही. पुन्हा संधी मिळाली तर पुन्हा पाजीन.”

यायसाच्या हातातल्या बेड्या काढून विल्फच्या हातात घातल्या. ती त्याच्याकडे बघत राहिली. रागवावं की रडावं, तिला कळेना.

तेवढ्यात विल्फच्या खिशात फोन वाजला. बेड्यांच्या हातांनी त्याने तो कसाबसा काढला आणि हिल्डापुढे धरला. “चष्मा नाहीये. बघ गं, काय म्हणतात.”

कंपनीचा निरोप होता, यंत्राने आपोआप पाठवलेला. हिल्डाने मोठ्याने वाचला. “अभिनंदन! प्रतीक्षायादीतली आपली विनंती मान्य झाली आहे. समुद्राकडचा फ्लॅट, चारशे बारा. पाहुण्यांची नावं, विल्फ आणि डॉरीन. स्वीकारता का? हो किंवा नाही दाबा.”

ग्विलिमने कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

“अजून यादीत होतं म्हणजे तिचं नाव,” विल्फ पुटपुटला. मग त्याने हिल्डाकडे पाहिलं. “‘हो’ दाब. आता मध्ये येणारा कुणी उरला नाही.”

हिल्डाने ‘हो’ दाबलं.