काळोखाची पैज

"अवनी, सरक ना! सलिलची दुर्बीण लावायची आहे," अपूर्व म्हणाला आणि अवनीच्या अंगाचा तिळपापड झाला.

गेल्या वर्षीपर्यंत वाडीतली पोरं तारे ओळखायला तिच्याकडे यायची. यंदा, २००१च्या दिवाळीच्या सुट्टीत, तिचा आतेभाऊ सलिल डोंबिवलीहून दुर्बीण घेऊन आला आणि सगळे त्याच्या मागे! शेजारचा अपूर्वसुद्धा! परवा पहाटे सिंह राशीतून उल्कांचा वर्षाव होणार होता. गावावरच्या उघड्या कातळावर, सड्यावर, बिबट्या फिरतो म्हणून वर्षाव घरापुढच्या अंगणातून, खळ्यातूनच बघायचा, अशी ताकीद होती.

पण खळ्यातून तारेच धड दिसेनात!

"चार दिवसांपूर्वी कृत्तिका स्वच्छ दिसत होत्या," अवनी म्हणाली.

"धुकं असेल," सलिल म्हणाला.

"रोज वाढत जाणारं? चल, शोध लावू!"

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला तिघं दगडी कुंपणाच्या गडग्याआड दबा धरून बसली. अवनीच्या खळ्याच्या एका अंगाला श्रीपतीकाकांचं घर, दुसऱ्या अंगाला बाबूकाकांचं. श्रीपतीकाकांनी आकाशकंदिलाची काठी उतरवली, आत दोनशेचा बल्ब बसवला आणि काठी पुन्हा उभी केली. ते पाहून बाबूकाका पाय आपटत घरात गेले आणि चक्क मांडवात लावायचा हॅलोजन दिवा घेऊन आले! त्या झगझगाटात उरलेसुरले तारेही पुसले गेले.

"आता तुळशीच्या लग्नापर्यंत हे असंच चालणार!" अपूर्व कुजबुजला.

"आपण विनंती करू," सलिल म्हणाला.

"काही उपयोग नाही. आधी विझवेल तो हरला!" अपूर्व म्हणाला.

हेवा म्हणजे काय ते अवनीला चांगलं ठाऊक होतं. आठ दिवस ती स्वतःच सलिलच्या दुर्बिणीवर जळत होती! ती तडक श्रीपतीकाकांकडे गेली.

"काका, पहाटे सगळे उल्का बघणार. ज्याच्या खळ्यात जास्त काळोख, तिथे बसणार. बहुतेक बाबूकाकांकडेच!"

"बाबूकडे? बघतोच!"

मग बाबूकाकांकडे जाऊन तिने श्रीपतीकाकांचं नाव घेतलं.

पहाटे दोन्ही घरांचे दिवे विझलेले! श्रीपतीकाकांनी समईसुद्धा सुपाआड ठेवली होती. बाबूकाकांनी तर मेनस्विचच बंद केला होता! शेवटी भांडण नको म्हणून सगळे मधल्या खळ्यात, अवनीकडेच बसले.

"ती बघ! आणखी एक!" अपूर्व ओरडला.

"कुठे? कुठे?" सलिल दुर्बीण फिरवत राहिला आणि एकेक उल्का निसटत गेली. बरी जिरली, असं अवनीला वाटलं.

तेवढ्यात बाबूकाका म्हणाले, "निरोप अवनीने आणला, पण काळोखाची युक्ती सलिलची ना रे? मुंबईकडचा पोर, डोकं चालायचंच!"



"नाही बाबूमामा, अवनीची! मला तर धुकंच वाटलं होतं," सलिल म्हणाला. मग हळूच म्हणाला, "आमच्याकडे गच्चीवरून चार तारे दिसतात. हिला रोज एवढं आकाश! मला हिचा केवढा हेवा वाटतो!"

अवनी बघतच राहिली. तिचा हेवा? दुर्बीणवाल्याला?

"शाब्बास गो अवनी! आम्हा दोघांना बरोबर बनवलंस!" श्रीपतीकाका हसले.

अवनी चटईवर आपणहून सरकली. "ये सलिल, इथे आडवा हो. दुर्बीण ठेव. उल्का नुसत्या डोळ्यांनीच बघायच्या असतात."

तो टेकला आणि एक मोठी उल्का अख्खं आभाळ उजळत समुद्राकडे गेली.

"दिसली!" दोघं एकदमच ओरडली.

"माझ्या घरावरून गेली!" श्रीपतीकाका म्हणाले.

"छट्! माझ्या!" बाबूकाका उठून उभे राहिले.