बोटं खरी की चेहरा

हिमांशूच्या दुकानात भूमिका पहिल्यांदा शिरली ती खांद्यावर पर्स आणि दोन्ही हातांत शाळेची बाजाची पेटी घेऊन. सडक अर्जुनीहून आलेल्या एसटीतून कोहमाऱ्याला उतरायचं, पेटी दुरुस्तीला टाकायची आणि पुढची गोरेगावची गाडी धरायची, एवढाच तिचा बेत होता. प्रेमाबिमाचा त्यात कुठे संबंध नव्हता.

दुकान म्हणजे टायरवाल्याच्या शेजारची एक खोली. भिंतीला उघडे भाते टांगलेले, खाली दोन-तीन पेट्या पोट फाडून पडलेल्या. दिवाळीनंतर नाटकवाल्यांचे ऑर्गन इथे रांग लावतात म्हणे. आज मात्र गिऱ्हाईक नव्हतं आणि दुकानदार पाठमोरा बसून मोबाइल पाहत होता.

"पेटी दाखवायची होती," भूमिका म्हणाली.

"ठेवा न् जी. एक मिनिट... तार तुटूनच राहिली."

ती तार भूमिकाच्या ओळखीची निघाली. परदेशातलं एक बर्फाळ गाव, चेलो वाजवणारी एक मुलगी आणि तिला पियानोवर साथ करणारा मुलगा. चेलो म्हणजे सारंगीची थोरली बहीणच, जमिनीवर टेकवून गुडघ्यांत धरायची. ही मालिका आधी कार्टूनमध्ये आली आणि मग खऱ्या नट-नट्यांना घेऊन पुन्हा निघाली. दोन्ही फोनवर हिंदीत मिळत. भूमिकानं कार्टूनवाली तीनदा पाहिली होती आणि दुसरीचा एक भाग बघून तोंड वाकडं केलं होतं.

"हे पाहून राहिले तुम्ही? हे तर नकली आहे. खरं ते कार्टूनवालं."

दुकानदार वळला. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, कानामागे पेन्सिल, नाकावर पितळेचा बारीक भुगा. "कार्टून खरं अन् मानसं नकली? कोठच्या जी तुम्ही?"

"गोरेगावची."

"मंग बराबर हाय."

यावर रागावायला हवं होतं, पण तिला हसू आलं, आणि ते लपवायला ती आणखी भांडली. "त्या मुलाची बोटं पाहा. सूर वर चाललेत आणि बोटं खाली. जवळून दाखवतात तेव्हा हात भलत्याचाच, नखंसुद्धा वेगळी. कार्टूनमध्ये एकेक पट्टी बरोबर दाबली जाते. मी थांबवून थांबवून तपासलंय."

"ते मलेबी दिसलं. माहा धंदाच हाय तो." त्यानं चित्र मागे नेलं आणि फोन तिच्यासमोर धरला. "पन तार तुटल्यावर हिचा गाल पाहा... हा... असा हालते. असा गाल काढता येते का कोनाले?"

भूमिकानं गाल पाहिला. हलत होता खरा. तेवढ्यात बाहेर गोरेगावची गाडी निघून गेली.

पुढची गाडी येईपर्यंत अर्धा तास होता. तेवढ्यात भाता उंदरानं कुरतडलाय हे त्यानं शोधलं, नाव हिमांशू, गाव चिचगड, बाबा उमराव शेती करतात हे सांगितलं, आणि एक सौदाही ठरला. त्यानं कार्टूनवाली पूर्ण पाहायची, तिनं माणसांवाली. शेवटी खरी कुठली ते ज्याचं त्यानं कबूल करायचं.

घरी सौद्याबद्दल बोलायची सोय नव्हती. भूमिकाचे वडील छोटेलाल गोरेगावात धान-तांदळाचा व्यापार करत. पोरीनं संगीतात पदवी घेतली तेव्हा ते काही बोलले नाहीत. सडक अर्जुनीच्या शाळेनं एका वर्षाच्या करारावर संगीत शिक्षिका म्हणून घेतलं तेव्हा मात्र बोलले. "एक साल. करार वाढला तर तुह्या मनानं राह्य. नाही वाढला तर मी दाखवीन त्या पोराले पाहायचं." भूमिकाला अट मान्य होती. करार वाढणार की नाही ते शाळेच्या स्नेहसंमेलनावर ठरणार होतं, कारण त्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष येणार होते. थोडक्यात, तिचं सगळं आयुष्य त्या जुन्या पेटीवर आणि चाळीस पोरांच्या गळ्यावर उभं होतं.

दोघांनी मालिका पाहायला घेतल्या आणि निरोपांची ये-जा सुरू झाली. हिमांशूनं लिहिलं, "तुमच्या कार्टूनात पोरीचे केस वाऱ्यानं अर्धा मिनिट उडतात. खिडकी बंद हाय." तिनं उत्तर दिलं, "तुमच्या माणसांवाल्यात पाऊस फक्त त्या दोघांवर पडतो. मागचा रस्ता कोरडा आहे." त्याला पटलं. दुसऱ्या दिवशी मात्र त्यानं लिहिलं, "रस्ता कोरडा हाय, पन ती खरोखर कुडकुडून राहिली." तिनं तो प्रसंग पुन्हा लावला. खरोखर कुडकुडत होती.

पेटी नीट होऊन शाळेत परत आली, पण पंधरा दिवसांनी पुन्हा बिघडली. एक काळी पट्टी दाबली की खालीच बसायची आणि तिचा सूर थांबायचं नाव घ्यायचा नाही. भूमिकानं वरची फळी काढून आत पाहिलं. पट्टीखालची स्प्रिंग वाकवलेली होती आणि तिच्यावर पकडीचा ताजा ओरखडा होता. ती जरा वेळ ओरखड्याकडे बघत राहिली. मग तिनं फळी लावली, आरशात पाहून ओढणी नीट केली आणि कोहमाऱ्याची एसटी पकडली.

"पुन्हा बिगडली?" हिमांशूनं विचारलं. चेहरा अगदी निरागस.

"पुन्हा," भूमिका म्हणाली. तिचाही.

त्या दिवशी चहा झाला. ट्रकवाल्यांचा ढाबा, पलीकडे महामार्गाची घरघर, काचेच्या पेल्यातला उकळता चहा. मालिकेचा शेवटचा प्रसंग दोघांनीही पाहिला होता. मुलगी गाव सोडून निघालीय आणि मुलगा तिला गाठायला स्टेशनवर येतो. कार्टूनमधला मुलगा फलाटभर धावतो, तिचं नाव घेऊन ओरडतो, प्रेम आहे म्हणून तीनदा सांगतो, आणि भर थंडीत कुठून तरी फुलं पडू लागतात. माणसांवाल्यातला मुलगा डब्याच्या खिडकीशी येऊन उभा राहतो आणि विचारतो, जेवलीस का?

"मला कार्टूनवालाच शेवट आवडतो," भूमिका म्हणाली. "निदान बोलतो तरी. माणसानं बोलावं. समोरच्यानं किती दिवस ओळखत बसायचं?"

"एवढं बोंबलून कोन सांगते जी? आमच्या चिचगडात असं सांगितलं तर लोकं डॉक्टरकडे नेतील."

"मग तुमच्या चिचगडात कसं सांगतात?"

हिमांशूनं पेला दोन्ही हातांत फिरवला. त्याची बोटं लांब होती, टोकांना पितळ घासून काळपट झालेली. "नाहीच सांगत... काम करत राहतात. समजनाऱ्याले समजते."

"आणि नाही समजलं तर?"

"तर..." तो तिच्याकडे पाहून चटकन रस्त्याकडे पाहू लागला. "तर पेटी पुन्हा दाखवाले आना."

तिला तेव्हा म्हणता आलं असतं की मला ओरखडा दिसलाय. तिनं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर पेटी नीट झाली असती आणि मग कोहमाऱ्याला उतरायचं कारण उरलं नसतं. ती चांगली पंचवीस वर्षांची, शिकलेली मुलगी होती आणि तिला स्वतःची जरा लाज वाटली. पण फार नाही.

दुसऱ्यांदा पेटी दुकानातून परत आली तेव्हाही तिनं आत डोकावून पाहिलं. या वेळी दुसरी स्प्रिंग. दोन आठवडे सहज निघतील, असा तिनं अंदाज केला. संमेलन शनिवारी होतं. गुरुवारी पेटी कोहमाऱ्याला न्यायची आणि या वेळी मात्र 'आता नीट करून द्या' म्हणायचं, असं तिनं ठरवलं. सोमवारी शाळेत निरोप आला, की अध्यक्षांना शनिवारी वेळ नाही, संमेलन बुधवारीच घ्या. दोन दिवस पोरांच्या तालमीत गेले. पेटीचं भूमिकाच्या मनात आलं होतं. चालून जाईल, असं ती स्वतःला म्हणाली.

चालून गेलं नाही. समूहगीताच्या दुसऱ्या कडव्यात ती पट्टी खाली बसली आणि वर आलीच नाही. एकच सूर मंडपभर पसरला. पोरं आधी गोंधळली, मग निम्मी त्या सुरात गाऊ लागली आणि निम्मी गप्प झाली. पालकांत हशा पिकला. भूमिकानं भाता सोडून हातानं ताल धरला आणि स्वतः गाऊन पोरांना कसंबसं शेवटापर्यंत नेलं. अध्यक्ष त्याआधीच उठले होते. जाता जाता मुख्याध्यापिकांना म्हणाले, "संगीतवाली बाई हीच का? बघा मग काय ते."

त्यानंतर आठ दिवस तिनं हिमांशूचा एकही फोन घेतला नाही. कोहमारा आलं की ती बसमध्ये दुसऱ्या बाजूला बघायची. तिला त्याचा राग होता आणि स्वतःचा त्याहून जास्त होता; स्वतःचा राग कुणावर काढता येत नाही, म्हणून तो सगळा त्याच्या वाट्याला गेला.

नवव्या दिवशी मुख्याध्यापिका सुशिलाबाईंनी तिला खोलीत बोलावलं. समोर हिमांशू उभा होता. हातात हत्यारांची पिशवी, अंगावर इस्त्रीचा शर्ट. शाळेतल्या शिपायाकडून त्याला संमेलनाची हकिकत कळली होती.

"हा माणूस काय म्हणतो ते ऐक," सुशिलाबाई म्हणाल्या. "बोला हो, पुन्हा बोला."

"पेटी मी बिगडवली, मॅडम. मुद्दाम. ह्यांचा काही दोष नाही."

"अन् कायले बिगडवली?"

हिमांशूनं भूमिकाकडे पाहिलं, मग फरशीकडे. "ह्या... पुन्हा दुकानात याव्या म्हनून."

सुशिलाबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. टेबलावर एक कागद होता. "अध्यक्षांनी अहवाल मागितला आहे. यांनी बिघडवली असं लिहिलं तर तू सुटलीस, भूमिका. तसंच लिहू ना?"

भूमिकानं काहीही न करणं पुरेसं होतं. मान हलवायचीही गरज नव्हती. करार वाढला असता, बाबांनी आणलेली स्थळं परत गेली असती, आणि हिमांशूनं तक्रारही केली नसती. तो तर त्यासाठीच इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्याचा गाल हलत होता. किंचित, डोळ्याखाली... आणि तो त्याला आवरत नव्हता.

"नाही मॅडम," भूमिका म्हणाली. "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"स्प्रिंग मुद्दाम वाकवली होती ते. दुसऱ्या खेपेलाच मी उघडून पाहिलं होतं. संमेलनाच्या वेळीही ठाऊक होतं. मी बोलले नाही."

"तुमाले मालूम होतं?" हिमांशूचा आवाजच फुटला. "मंग बोलल्या काऊन नाही?"

"मला यायचं होतं." तिचा चेहरा तापला होता, पण सुरुवात केलीच होती तर अर्ध्यावर सोडण्यात अर्थ नव्हता. "तुम्ही बोलावत नव्हतात, पेटी बोलावत होती. मग मी पेटीचं ऐकत होते. पोरांचा विचार करायला हवा होता. तो नाही केला, ती माझी चूक आहे. तेही लिहा मॅडम."

बाहेर पाढे चालू होते. सुशिलाबाईंनी लिहायला घेतलं आणि कागदावरून नजर न काढता म्हणाल्या, "पेटीत दोष होता, शिक्षिकेला तो ठाऊक होता, तिनं कबूल केलं. एवढंच लिहिते. हिला ठेवावं असं माझं मत, तेही खाली लिहिते. अध्यक्षांचं मी सांगू शकत नाही." मग त्यांनी पेनचं टोपण लावलं. "अन् आजपासून ही पेटी शाळेच्या फाटकाबाहेर जाणार नाही. दुरुस्ती इथेच होईल. आत्ता. माझ्या डोळ्यांसमोर."

(करार मार्चमध्ये वाढला. पण त्या दिवशी ते कुणालाच माहीत नव्हतं.)

संगीताच्या वर्गात दोन तास काम चाललं. हिमांशूनं सगळ्याच स्प्रिंगा बदलल्या, मग एकेका सुराची पितळी जीभ घासून सूर जागेवर आणायला घेतला. भूमिका सूर लावायची, तो कान देऊन घासायचा, पुन्हा दाबून पाहायचा. ती 'आ' म्हणायची आणि पेटी हळूहळू तिच्या गळ्याला येऊन मिळायची. दाराशी खुर्ची टाकून सुशिलाबाई वह्या तपासत होत्या. दोघांत दुसरं एक अक्षर बोलणं झालं नाही. फक्त वरच्या षड्जाला पेटी आणि गळा असे काही एक झाले, की दोघांनीही एकदम वर पाहिलं आणि दोघांनीही एकदम खाली.

शाळा सुटल्यावर ती फाटकाबाहेर एसटीची वाट पाहत उभी होती. हिमांशूनं मोटरसायकल ढकलत आणली आणि बाजूला उभी केली.

"पक्कं काम केलं," तो म्हणाला. "आता दहा वर्सं बिगडत नाही."

"दहा वर्षं?"

"दहा तरी."

"छान," भूमिका रस्त्याकडे बघत म्हणाली. "मग मी कोहमाऱ्याला उतरू कशासाठी?"

हिमांशूनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. घसा खाकरला. फाटकातून पोरांचा एक घोळका आरडाओरडा करत बाहेर पडला, तो पुढे जाईपर्यंत तो थांबला.

"माह्यासाठी," तो म्हणाला.

मोठ्यानं नाही, पण स्पष्ट. एका सायकलवाल्या पोरानं मागे वळून पाहिलं, एवढं स्पष्ट.

एसटी आली. भूमिका चढली आणि खिडकीशी बसली. खाली तो तसाच उभा होता, पिशवी पुन्हा पहिल्या हातात घेत. कंडक्टर तिला रोज पाहणारा. त्यानं न विचारताच गोरेगावचं तिकीट काढायला घेतलं.

"गोरेगाव नाही," ती म्हणाली, खाली ऐकू जाईल अशा आवाजात. "कोहमारा द्या."