डावी बाजू माझी, उजवी त्याची

"कोण मेलं ते?" मी ओरडले.

गाडीच्या मातीच्या मॉडेलशेजारी फरशीवर आडवी पडून मी दारावरून जाणारी रेघ निरखत होते, आणि कुणीतरी माझ्या पायांना अडखळून धपकन पडलं होतं.

"मी इवो... कारखान्यातून आलोय," तो गुडघा चोळत म्हणाला. "तुमच्या गाडीला आरसे, हँडल आणि माणसाचं डोकं मावेल एवढी जागा द्यायला."

हसावं की रडावं! प्रदर्शनात लोकांनी डोक्यावर घेतलेली माझी गाडी आता विक्रीसाठी बनणार होती. ट्युरिनच्या आमच्या स्टुडिओची रीतच अशी, की एकाच मॉडेलच्या दोन बाजू दोघांनी घडवायच्या. डावी माझी, उजवी त्याची. दुसऱ्याच्या बाजूची चादर उचलायची नाही. शेवटी साहेब एक बाजू निवडणार.

आधी चाकं लहान झाली, मग छप्पर वर गेलं. उरली ती माझी धारदार रेघ.

"लोरेदाना, एवढ्या धारेला साच्यात दाबताना पत्रा फाटतो हो."

"तुमचा पत्राच रडका!"

"आणि तुम्ही हट्टी."

मेला हसायचा पण असा... की माझ्या हातातली खरवडणी थांबायची.

निवडीचा दिवस जवळ आला. माझी बाजू जिंकली आणि उद्या पत्रा फाटला, तर बोल त्यालाच लागणार. हरली, तर माझी रेघ गेली. आणि काहीही झालं तरी तो परत जाणार — हे तर सहनच होईना.

त्या सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन मी माझ्याच रेघेची धार खरवडून काढली. रडत रडत.

साहेबांनी चादरी ओढल्या. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पाहिलं. "अरे, कुणाची बाजू कुठली?"

मी धावत उजवीकडे, त्याच्या बाजूला गेले. माझी रेघ! जशीच्या तशी, धारेसकट!

"दाराचा पत्रा एकदम न दाबता दोनदा दाबायचा, म्हणजे फाटत नाही," इवो साहेबांना सांगत होता. "कारखान्यातल्या प्रेसवाल्यांशी भांडलो. काल हो म्हणाले."

"मग हीच," म्हणून साहेब निघून गेले.

"वेडा आहेस का रे?" मी इवोला म्हणाले.

"तुझी रेघ मोडली असती, तर तुझ्याकडे बघायची हिंमत झाली नसती," तो म्हणाला. "आणि बघितल्याशिवाय... राहवत नाही मला."

"आता परत जाशील?"

"कुठला जातोय! बंपर आहे, दिवे आहेत... रोज यावं लागेल काहीतरी कापायला."

"काप काय कापायचं ते," मी म्हणाले. "पण रविवारीसुद्धा ये."