गजावरची खूण

धनसिंगची ठासणीची बंदूक साखरा गावामागच्या दरीत पडली होती आणि ती हाती लागल्याशिवाय त्याच्या भुईमुगाची राखण होणार नव्हती. रानडुकरं रोज वाफे उकरून जात होती. म्हणून तिघं सकाळीच दरीत उतरायला निघाले. पुढे धनसिंग, मागे कळमनुरीत बंदुका दुरुस्त करणारे अल्लाबक्ष, आणि मधे त्यांची पुतणी यास्मीन. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती चाचांच्या हाताखाली हेच काम शिकत होती.

"आज हत्यार तू तपासायचं," चाचांनी वाटेतच बजावलं. "जमलं तर उद्यापासून दुकानातला दुसरा बाक तुझा. मी तोंड उघडणार न्हाई. अन् आपला कायदा ध्यानात ठेव, बेटा. दुरुस्त करील त्यानंच पहिला बार उडवायचा."

"म्हंजे पोरीनं?" धनसिंग हसला. "चाचा, तुमी तर लई चालाख!"

उतार वाईट होता. घाणेरीच्या जाळ्या अंगाला ओरबाडत होत्या, पायाखालचा मुरूम सरकत होता. एका कड्यावर यास्मीनचा पाय निसटला! ती घसरली, धावड्याच्या झाडाचं मूळ हाती आलं, तिनं ते गच्च धरलं. खाली दगड गडगडत गेले. धनसिंगनं दोर टाकून तिला ओढून घेतलं.

खाली ओढ्याच्या काठी, उंबराच्या मुळांत, बंदूक अडकली होती. धनसिंग झेपावला.

"थांबा, दादा! आधी भरलेली आहे का पाहू."

घोड्याखाली ठिणगी पाडणारी टोपी नव्हती. तिनं नळीचं तोंड कड्याकडे वळवलं, बाजूला उभी राहिली आणि नळीखालचा ठासायचा गज काढून आत सोडला. रिकाम्या नळीत गज जिथवर जातो, तिथं धनसिंगच्या आज्यानं गजावर खाच पाडली होती. आज ती खाच नळीच्या तोंडापासून आठ बोटं वरच राहिली. एका बाराला चार बोटं पुरतात. मग इतकं काय ठासलंय?

"दोन बार आहेत, दादा. एकावर एक."

धनसिंग चपापला. "त्या रोजी टोपी वाजली, पण बार उडला न्हाई. मला वाटलं, गडबडीत ठासायचंच राहिलं. म्हून परत ठासला. टोपी लावायच्या आतच पाय घसरला अन् बंदूक खाली गेली."

तेवढ्यात जाळी हलली. रानडुकराचा भलामोठा नर! सुळे पांढरे, मानेवरचे केस ताठ.

"आण इकडं! टोप्या हायेत खिशात!"

"नळी फाटेल! हात जाईल तुमचा!"

डुक्कर उसळलं. यास्मीननं बंदूक मागे टाकली, पाण्याचा स्टीलचा डबा उचलला आणि लोखंडी गज त्यावर हाणला. ठण्! ठण्! ठण्! दरी दणाणली. डुक्कर दोन हातांवर आलं, बिचकलं, वळलं आणि जाळी फोडत नाहीसं झालं!

चाचांनी पडलेली बंदूक उचलून तिच्या हाती दिली.

तिनं नळीत पाणी ओतून दारू भिजू दिली. मग गजाच्या टोकाला मळसूत्री फिरकी बसवून काथ्याचे बोळे ओढून काढले. छर्रे निघाले, काळा चिखल निघाला, आणि पुन्हा तेच सगळं. शेवटी तिनं नळी धुवायला पाणी भरलं. टोपी बसते त्या छिद्रातून ते ठिबकायला हवं होतं. ठिबकेना! तिनं सुईनं टोकरलं. मातीची गोळी बाहेर आली, तिच्यात वाळलेली अळी.

"कुंभारमाशी! पावसाळाभर बंदूक उघडीच खुंटीला होती ना?"

"व्हय," धनसिंग ओशाळला.

कोडं सुटलं होतं : टोपीची ठिणगी दारूपर्यंत पोचलीच नव्हती. पण यास्मीनची नजर दुसरीकडेच खिळली होती. नळीच्या बुडाशी, बाहेरच्या कोरड्या लोखंडावर, पाण्याचा एक थेंब उभा होता. तिनं तो पुसला. तो पुन्हा आला. दगडावर आपटून पडलेली केसासारखी चीर!

"चाचा, झाळ मारून चीर बुजवली तर चालल ना?" धनसिंगनं विचारलं. चाचांनी यास्मीनकडे बोट दाखवलं.

"नाही," यास्मीन म्हणाली. बाक डोळ्यांसमोर आला, तिनं तो बाजूला सारला. "मी हिला हात लावणार नाही. कारण पहिला बार मला उडवावा लागेल, आणि तो मी उडवणार नाही. बंदूक ठाण्यात जमा करा."

"अन् माझा भुईमूग?"

तिनं डबा आणि गज त्याच्या हातात दिला. "दुसरी मिळेपर्यंत हे वाजवा."

चढताना चाचा हळूच म्हणाले, "बाक खिडकीकडं लावू. चीर पाहायला उजेड लागतो."

आणि मागून, दरी दणाणून सोडत, आवाज येत होता : ठण्! ठण्! ठण्!