बिनसुकाणूची बोट

फोन सकाळीच आला. आदल्या संध्याकाळी नवी बोट समोरच्या धक्क्यावर आदळली होती आणि ती चालवणाऱ्या कप्तानाच्या दोन्ही पायांचा चुरा झाला होता. चूक म्हाताऱ्याचीच, हेही फोनवरच सांगून झालं. तपासनीस बाईंचं डोकं तिथेच तडकलं.

बोट रात्रभर खाऱ्या पाण्यात पडून होती. बाई पोहोचल्या तेव्हा ती नुकतीच शेडमध्ये आणून ठेवली होती. शेडचं कुलूप जावयानं उघडलं. कप्तानाचा जावई, आणि बोट बनवणाराही तोच.

बोटीला सुकाणू नव्हतं. तळाशी दोन पंखे, प्रत्येक एका लोखंडी कड्यात बसवलेला. कडं फिरलं की पंख्याचं तोंड फिरे, तशी बोट वळे. विकत घेणारे बघायला यायचे म्हणून बोट नखशिखांत निळी रंगवून आदल्याच दिवशी पाण्यात सोडलेली. एक कडंही निळं होतं. दुसरं चकचकीत.

"बाबांची सवय जुनी," जावई म्हणाला. "धक्का दिसला की इंजिन कमी करायचं. इथे पंखे मंदावले की वळणं संपलं."

"पाण्याबाहेर काढल्यावर कोणी हात लावला?"

"कोणीच नाही. किल्ली माझ्याकडेच आहे."

दवाखान्यात कप्तान छताकडे बघत पडला होता. उद्या त्याचं लायसन रद्द होणार होतं. उशाशी लेक बसली होती.

"वळवत होतो, वळेना," तो म्हणाला. "पण जावई रात्री इथेच बसून म्हणाला, माझाच हात चुकला. शिकलेला माणूस, खोटं कशाला बोलेल?"

बाईंनी दात आवळले. वाटेत धक्का पाहिला. जाड फळ्यांच्या तीन रांगा आरपार फुटल्या होत्या. मग लेकीला घेऊन त्या शेडमध्ये परतल्या.

"इंजिन कमी केलं असतं तर बोट धक्क्याला नुसती घासली असती," त्या जावयाला म्हणाल्या. "फळ्या फुटल्या, म्हणजे वेग पुरा होता. त्यांनी तुम्ही शिकवलं तसंच केलं. बोट वळली नाही, कारण गिऱ्हाइकांना दाखवायला तुम्ही कडीही रंगवलीत. जाड रंग फटीत सुकला आणि दोन्ही जाम झाली. धक्क्यापर्यंत सरळच जायचं होतं, म्हणून आधी कळलं नाही."

"हे कडं मोकळंच आहे की."

"आज सकाळी खरवडलंत म्हणून. काल खरवडलं असतं तर रात्रभर खाऱ्या पाण्यात गंजून लाल पडलं असतं. आणि किल्ली कोणाकडे होती?"

"दुसरंही करणार होतो," तो पुटपुटला. "तेवढ्यात तुम्ही आलात. अहो, दोष बोटीचा म्हटलं तर ती कोणी घेतली नसती, सगळी मेहनत..."

"मेहनत?" बाई कडाडल्या. "पाय मोडलेल्या माणसाच्या उशाशी बसून त्याला त्याचाच हात खोटा ठरवायला लावलात तुम्ही."

लेकीनं नवऱ्यासमोर हात पसरला. त्यानं किल्ली दिली. आजवर त्याला अहो-जाहो करणारी ती पहिल्यांदाच एकेरीवर आली.

"चल. बाबांना सांग, त्यांचा हात चुकला नव्हता. माझ्यासमोर सांग. मग कुठे जायचं ते जा, घरी येऊ नकोस."